सेंद्रिय कर्ब वाढतच नाही? वावरात आणि रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

काळी जमीन म्हणजे कर्बाची जमीन, असं आपल्याकडं जवळपास सगळेच धरून चालतात, आणि मग मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब (पालापाचोळा, मुळं, शेण कुजून मातीत राहिलेला कार्बन) ०.३८ नाहीतर ०.४२ टक्के असा आकडा दिसला की पहिला संशय लॅबवर जातो. लॅब चुकू शकते, त्याच्यावर खाली येतोच, पण बहुतेक वेळा आकडा खराच असतो. आपली विदर्भातली माती बेसाल्टच्या दगडापासून बनलेली, त्यात फुगणारी-आकसणारी चिकणमाती भरपूर, आणि तिला थोडासा ह्यूमस (पूर्ण कुजलेला काळा सेंद्रिय पदार्थ) चिकटला तरी ती काळीकुट्ट दिसते. रंगावरून कर्ब ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. ढोबळ मानानं ०.५ टक्क्याच्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्याच्यावर जास्त. काही लॅब सहा गट पाडतात, म्हणून ‘मध्यम’, ‘कमी’ हे शब्द सोडा आणि आकडा बघा.

मातीत कर्ब किती राहतो ते दोनच गोष्टींवर ठरतं, आत किती येतो आणि बाहेर किती जातो. आत येतो तो मुळं, पालापाचोळा, धसकटं, शेणखत यातून. बाहेर जातो तो मातीतले जीवाणू खाऊन हवेत सोडतात म्हणून, आणि पावसात वरची माती वाहते म्हणून. बुड फुटलेल्या टाक्यात वरून कितीही पाणी ओता, भरत नाही, तसंच आहे हे. आणि विदर्भातलं ऊन हे बुडाचं भोक मोठं करतं. तापमान १० अंशानं वाढलं की, ओल असेल तर, कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळं युरोपातल्या थंड देशाचा व्हिडिओ बघून ‘तिकडं चार-पाच टक्के कर्ब आहे, आपल्याकडं का नाही’ असं म्हणण्यात काही अर्थ नाही राजेहो.

दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा लावू नका

लांब जायची गरजच नाही, विदर्भातल्या विदर्भात फरक बघा. अकोला-बुलडाण्याकडं पाऊस ७००-८०० मिलिमीटरच्या घरात, गडचिरोली-गोंदियाकडं १२०० च्या वर, तिकडं जंगलही दाट. पाऊस जास्त म्हणजे झाडोरा जास्त, झाडोरा जास्त म्हणजे मातीत पडणारा माल जास्त. धानाच्या बांधीत तर पाणी साचून राहतं, हवा मिळत नाही म्हणून कुजणं हळू होतं आणि कर्ब टिकतो (मिथेन निघतो तो वेगळा विषय). त्यामुळं भंडाऱ्याच्या पाहुण्याच्या बांधीचा रिपोर्ट आणि तुमच्या कोरडवाहू कपाशीच्या वावराचा रिपोर्ट शेजारी ठेवून भांडण करू नका.

जमिनीचा वापर बदलला की काय होतं याचा एक चांगला अंदाज २००२ साली गुओ आणि गिफर्ड या दोघांनी दिला, जगभरातले ७४ अभ्यास एकत्र करून. नैसर्गिक जंगल तोडून शेती केली तर मातीतला कर्ब सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, आणि गवताळ रान मोडून शेती केली तर ५९ टक्क्यांनी. दुसरा आकडा लोकांना पटत नाही, कारण आपल्या डोक्यात जंगल म्हणजे श्रीमंत आणि गवत म्हणजे फालतू. पण गवताची मुळं बारीक, दाट, आणि दरवर्षी मरून जमिनीतच राहतात, कर्ब खरा तिथं साठतो. अर्थात आपल्या गावाची ई-क्लासची पडीत (सरकारी चराईची जमीन) बघून हा नियम लावू नका, जिथं बारा महिने जनावरं चरून काडी उरत नाही आणि पावसात माती उघडी पडते तिथं काय साठणार.

पिकांचंही तसंच. ज्वारी होती तेव्हा कडबा होता, कडब्यावर जनावरं होती, जनावरांचं शेण वावरात जात होतं, आणि ज्वारीची मुळंही झुपकेदार. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीनचा पाला पडतो, चांगलं आहे, पण तो नत्रानं भरलेला म्हणून लवकर कुजतो आणि मागं फार काही सोडत नाही, कुटार (मळणीनंतरचा भुसा) एकतर विकलं जातं नाहीतर पेटवलं जातं. सोयाबीन काढून टाका असं म्हणत नाही, बाजार कुणाच्या हातात आहे. पण सोबत तूर घेतली तर तिचा पाला आणि खोल मुळं दोन्ही मिळतात.

नमुना घेतानाच गडबड

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. धुऱ्याजवळून, झाडाखालून, शेणखताचा ढीग होता त्या जागेवरून माती उचलली की कर्ब भरपूर येणारच. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा पण माती खरवडायची नाही, इंग्रजी व्ही सारखा खड्डा, १५ ते २० सेंटिमीटर, आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची. वावरात दहा-बारा जागी असं करून एकत्र मिसळायचं, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. खताच्या रिकाम्या चुंगडीत माती भरून नेऊ नका. संत्र्याच्या बागेत एवढ्या खोलीवर भागत नाही, खालच्या थरांचे नमुने वेगळे घ्यावे लागतात. आणि वावरात अर्धा भाग भारी, अर्धा बरड असेल तर दोघांची माती एकत्र करून येणारा आकडा कुठल्याच भागाचा नसतो.

नांगरटी झाली की लगेच नमुना घेणारे पण असतात. खोल नांगरानं खालची कमी कर्बाची माती वर आली, वरची खाली गेली, तर १५ सेंटिमीटरचा आकडा पडणारच, त्याचा अर्थ कर्ब एका आठवड्यात उडाला असा होत नाही. उलटंही होतं, ज्यांनी नांगर-रोटावेटर बंद केलं त्यांच्याकडं सगळा कर्ब वरच्या पाच-दहा सेंटिमीटरमध्ये गोळा होतो आणि आकडा उड्या मारतो, पण खालच्या थरात तेवढी वाढ नसते. म्हणून दरवेळी तेवढीच खोली, तोच महिना, पीक निघाल्यावर आणि मशागतीच्या आधी.

लॅबचा प्रश्न, पद्धत कोणती ते विचारा

आपल्याकडं बहुतेक लॅब वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात, १९३४ ची जुनी पद्धत. यात डायक्रोमेट नावाच्या रसायनानं कर्ब जाळतात, पण सगळा जळत नाही, साधारण ७७ टक्के जळतो, म्हणून पुढं १.३ नं गुणतात. एका लॅबनं गुणलं आणि दुसरीनं नाही, तर त्याच मातीचे दोन आकडे येतात आणि शेतकरी म्हणतो रिपोर्ट बोगस. सेंद्रिय पदार्थ आणि सेंद्रिय कर्ब यातही गल्लत होते, कर्बाला १.७२४ नं गुणलं की सेंद्रिय पदार्थ येतो, म्हणजे ०.५ कर्ब आणि ०.८६ पदार्थ एकच.

आपल्या भागाची खास भानगड म्हणजे चुनखडी. चुनखडीत पण कर्ब असतो पण तो सेंद्रिय नाही, पिकाला त्याचा तसा उपयोग नाही. एखाद्या मोठ्या लॅबनं मशिनवर ‘टोटल कार्बन’ काढून दिला आणि चुनखडी वजाच केली नाही तर तुमचं बरड रान कागदावर जंगलासारखं दिसेल. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले आणि फेस आला की चुनखडी आहे, मग वॉकली-ब्लॅकच करून घ्या. माती भट्टीत जाळून वजनाच्या घटीवरून कर्ब सांगणारी स्वस्त पद्धत भारी जमिनीला नकोच, चिकणमातीतलं बांधलेलं पाणी उडतं आणि ते सगळं कर्बात मोजलं जातं.

अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्यांनी अजून एक लक्षात ठेवावं, मातीत क्लोराइड जास्त असेल तर वॉकली-ब्लॅकचा आकडा फुगून येतो. लॅबवाल्याला आधीच सांगा की जमीन खारी आहे. आणि जिथं सोडियममुळं माती चोपण झाली आहे तिथं आधी जिप्सम आणि निचरा, मग शेणखत. पीकच धड येत नसेल तर मुळं कुठून येणार आणि कर्ब कुठून.

बाटलीनं कर्ब वाढत नाही

हिशोब करून बघा. एक एकर, १५ सेंटिमीटर खोली, म्हणजे माती साधारण साडेआठशे टन. कर्ब फक्त ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर साडेआठशे किलो कर्ब मातीत टिकून राहायला पाहिजे. आता १२ टक्केवाली ह्यूमिक ॲसिडची एक लिटर बाटली घ्या, त्यात कर्ब सत्तर ग्रॅमच्या आतबाहेर. मुळांना मदत होत असेल, मी नाही म्हणत नाही, पण ‘कर्ब दुप्पट’ असं लेबलवर लिहिलेलं दिसलं तर बाटली परत ठेवा. शेण-गोमूत्राच्या जीवामृताचंही तेच, जीवाणूंना ते चालना देईल पण जीवाणूंना खायला मातीत काही असायला पाहिजे ना.

शेणखताचा हिशोब पण कडक आहे. चांगलं कुजलेलं एक टन शेणखत, अर्धं पाणी, तर कर्ब शंभर किलोच्या आसपास. एकरी पाच टन टाकलं तर पाचशे किलो, आणि आपल्या उन्हात त्याचा पाचवा हिस्सा टिकला असं धरलं तर शंभर. म्हणजे ०.१ टक्क्याला आठ-नऊ वर्षं, तेही बाकी काही गळती नसेल तर! म्हणून एक वर्ष चार ट्रॉल्या टाकून पुढच्या वर्षी रिपोर्ट काढणारे निराश होतात. मुरमाड जमिनीत तर अजून कमी टिकतं कारण पकडून ठेवायला चिकणमाती नाही, तिथं तलावाचा गाळ टाकून मग शेणखत दिलं तर फरक पडतो. भारी काळ्या जमिनीत मात्र गाळ टाकू नका, निचरा अजून बिघडतो.

कच्चं शेण उन्हात महिनोन्महिने उघडं पसरून ठेवणं बंद करा, निम्मा माल वावरात जायच्या आधीच हवेत जातो आणि सोबत हुमणी येते ती वेगळी. ढीग सावलीत, ओलावून, झाकून.

पऱ्हाटी पेटवणं

बोंडअळीच्या भीतीनं लोक पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) जाळतात, आणि भीती खोटी नाही. पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर पावसाळ्यापर्यंत ठेवणं हे त्याहून वाईट, गुलाबी बोंडअळी तिथंच मुक्काम करते. उपाय आहे, फरदड (वेचणीनंतर तीच कपाशी पुढं ठेवून घेतलेलं पीक) न घेता पीक वेळेत संपवायचं आणि श्रेडरनं कुट्टी करून मातीत मिसळायची. भाड्यानं मिळतो, चार-पाच जणांनी मिळून बोलावला तर परवडतो.

पण कुट्टी टाकून लगेच पेरलं आणि पीक पिवळं पडलं, अशी तक्रार हमखास येते. ते होतं कारण काडात कर्ब खूप आणि नत्र थोडं, गव्हाच्या काडात ८० ला १ असं प्रमाण, मातीच्या ह्यूमसमध्ये १०-१२ ला १. जीवाणू ही तूट मातीतलं नत्र ओढून भरून काढतात आणि तेवढे दिवस पीक उपाशी. म्हणून कुट्टीवर शेणाचा काला किंवा थोडा युरिया, आणि ओल असताना मिसळणं, कोरड्या मातीत तर ती मे महिन्यात जशीच्या तशी पडून राहते. धुऱ्यावर गिरिपुष्प लावलं असेल तर त्याचा कोवळा पाला नत्र देतो, विकत घ्यावं लागत नाही.

बाकी वखर-रोटावेटरच्या पाळ्या कमी करा, पेरणी उताराला आडवी करा, एवढं सगळ्यांना माहिती आहे आणि करत कुणी नाही. पहिल्या मोठ्या पावसात नाल्याला जे गढूळ पाणी जातं त्यात तुमच्या वावरातली सगळ्यात जास्त कर्बाची माती असते, वरचा थर.

कार्बन क्रेडिटची सही

मातीत साठवलेल्या कर्बाचे पैसे मिळवून देतो म्हणत आता गावोगाव एजंट फिरतात. वरचाच हिशोब लावा. साडेआठशे किलो कर्ब म्हणजे ३.६७ नं गुणून साधारण तीन टन कार्बन डायऑक्साइड, आणि एक क्रेडिट म्हणजे एक टन. म्हणजे एकरी तीन क्रेडिट, आठ-नऊ वर्षांत मिळून, त्यातून कंपनीचा आणि तपासणीचा खर्च वजा. सही करायच्या आधी विचारा की किती खोलीपर्यंत मोजणार, मातीची घनता काढणार की नुसते टक्के (आपली जमीन ओली-सुकी झाली की फुगते-आकसते, घनतेशिवाय साठा निघतच नाही), पहिला नमुना कधी घेणार, तो तुमच्यासमोर घेणार का, करार किती वर्षांचा, आणि मधेच दुष्काळात नांगर घातला किंवा जमीन भावाच्या हिश्शात गेली तर दिलेले पैसे परत मागणार का, आणि ही उत्तरं तोंडी नाही, मराठीत लिहून घ्या.