नवतपात लिनक्स सर्व्हर हळू पडला, तर टर्मिनलमध्ये काय बघायचं

नागपुरात नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला, पारा ४५ च्या पुढे सरकला की सीताबर्डी-धरमपेठेतल्या छोट्या ऑफिसांत एक तक्रार हमखास येते: ‘सर्व्हर अडकून राहिलाय.’ लगेच रिस्टार्ट मारू नका. नेमकं कोण मशीन खात होतं, हा पुरावाच त्यात पुसला जातो. आधी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. (कमांड इथे उच्चारानुसार दिल्या आहेत, टाइप करताना लहान रोमन अक्षरं वापरा.)

सुरुवात ‘अपटाइम’पासून. ओळीच्या शेवटी लोड ॲव्हरेजचे (सरासरी किती कामं चालू किंवा रांगेत आहेत त्याचे) तीन आकडे दिसतील, गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. ‘एनप्रॉक’ (nproc) दिली की प्रोसेसरचे कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, किती ते कळतं. चार कोअरवर लोड ३ म्हणजे ठीक. १२ म्हणजे कामं रांगेत उभी आहेत. पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर भार चढतोय.

मात्र लोड वाढला म्हणजे प्रोसेसरच दमला असं नाही. डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही लिनक्स त्यातच मोजतं. म्हणून आता ‘टॉप’. वरच्या सीपीयूच्या ओळीत ‘डब्ल्यूए’चा (डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा सतत चढा असेल तर दुखणं डिस्कचं. तो शून्याजवळ आणि ‘यूएस’ (प्रोग्राम चालवण्यात गेलेला वेळ) नव्वदीत असेल तर एखादा प्रोग्राम प्रोसेसर पिळतोय. शिफ्ट-पी दाबा, तो सगळ्यात वर येईल. शिफ्ट-एमने मेमरीनुसार क्रम लागतो, क्यूने बाहेर.

मेमरीसाठी ‘फ्री -एच’. इथे ‘फ्री’चा रकाना बारीक दिसला की लोक नवी रॅम आणायला निघतात. उगाच. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की सोडतं. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. शंका उरलीच तर ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (रॅम आणि डिस्कवरच्या स्वॅपमधली ये-जा) सतत हलत असतील तर मेमरी खरंच कमी पडतेय. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते.

डिस्क किती भरली ते ‘डीएफ -एच’ सांगते. जागा असूनही फाइल तयार होत नसेल तर ‘डीएफ -आय’. आयनोड (प्रत्येक फाइलीची नोंद ठेवणारे खण) संपलेले असू शकतात.

एवढं करून सगळं ठीकठाक, तरी मशीन रखडतेच? मग उन्हाकडे वळा. ‘एलएम-सेन्सर्स’ पॅकेज टाका, ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ एकदा चालवा आणि मग ‘वॉच -एन २ सेन्सर्स’. दर दोन सेकंदांनी तापमान दिसेल, शेजारी बहुधा ‘हाय’ आणि ‘क्रिट’ या मर्यादाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. टॉपमध्ये वेगळं असं काहीच दिसत नाही, कामं मात्र लांबतात. ‘सुडो डीमेसेज’च्या (sudo dmesg) नोंदींत ‘थ्रॉटल्ड’ (वेग उतरवला) शब्द सापडला तर निदान पक्कं.

अशा वेळी कूलरचं तोंड सर्व्हरकडे वळवायचा मोह होतो. ती हवा गार असली तरी ओलसर असते. बोर्डावर आणि धुळीवर ओल धरते. सर्व्हर बंद करून हीटसिंकमधली धूळ ब्लोअरने काढा, डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आणि रात्रीचा बॅकअप दुपारी दोनला चालत नाहीये ना, हे ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी दाखवणाऱ्या ‘क्रॉनटॅब -एल’ने (crontab -l) बघून घ्या.