नवीन क्रूझरचं इंजिन अपग्रेड करायचंय? आधी आपण गाडी कुठल्या आरपीएमला चालवतो ते शोधा

गाडी नवीन आली की पहिल्या आठवड्यातच सायलेन्सर कुठला टाकायचा, फिल्टर कुठला, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं) करून घ्यायचं का, हे डोक्यात सुरू होतं. साहजिक आहे, एवढ्या हौसेने घेतलेली गाडी आपल्या मनासारखी पळावी असं कोणाला वाटणार नाही. पण क्रूझर, म्हणजे आरामात लांब जायच्या वजनदार मोटारसायकलच्या बाबतीत बरेच जण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणजे आधी पार्ट ठरवतात आणि मग त्या पार्टने नेमकं काय होतं ते शोधत बसतात. उलटं करा. आधी तुमचा हात कुठल्या आरपीएमला (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं) असतो ते बघा, त्यावरून पार्ट जवळजवळ आपोआप ठरतो आणि कधीकधी तर कळतं की इंजिनला हात लावायची गरजच नाहीये.

पहिले दोन-तीन हजार किलोमीटर गाडी आहे तशी चालवा. नवीन इंजिन आवळ असतं, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसायला वेळ लागतो, पहिल्या सर्व्हिसला निघणाऱ्या ऑइलमध्ये बारीक चुरा दिसतो तो त्याचाच. पहिल्या सर्व्हिसनंतर गाडी चांगलीच मोकळी होते आणि शोरूममधून काढल्यावर जी "जड" वाटत होती तीच गाडी वेगळी वाटायला लागते. त्यामुळे ५०० किलोमीटरवर घेतलेला निर्णय हा अर्धवट इंजिन बघून घेतलेला निर्णय असतो.

या काळात एक काम करा, फोनमध्ये नोंद ठेवा. कुठे गाडी कमी पडली? सिग्नलवरून निघताना, टॉप गिअरमध्ये ८० वरून ओव्हरटेक करताना, मागे माणूस बसवून घाट चढताना, की मोकळ्या रस्त्यावर शेवटच्या दहा-वीसच्या स्पीडला? प्रत्येक वेळी गिअर आणि स्पीड लिहा. बऱ्याच क्रूझरना टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा काटा नसतो, पण आरपीएम काढता येतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा घेर साधारण २ मीटर धरा, म्हणजे ८० च्या स्पीडला चाक मिनिटाला ६६० ते ६७० फेरे घेतं, त्याला मॅन्युअलमधल्या प्रायमरी, गिअर आणि फायनल रेशोने गुणलं की झालं. माझ्या नोंदीत असं निघालं की माझं जवळजवळ सगळं रायडिंग २५०० ते ४००० मध्ये होतं आणि मी ज्या पार्टच्या मागे लागलो होतो त्याचा फायदा ५००० च्या वर सुरू होत होता. ती नोंद नसती तर पैसे गेलेच होते.

आता हे का महत्त्वाचं ते बघू, इथे थोडं गणित आहे पण सोपं आहे. पॉवर म्हणजे टॉर्क (इंजिनची फिरवायची ओढ) गुणिले आरपीएम, न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की किलोवॅट मिळतात. रॉयल एनफिल्डच्या मिटिअर ३५० चं उदाहरण घ्या, कंपनीचे आकडे आहेत २७ न्यूटन मीटर ४००० ला आणि २०.२ बीएचपी ६१०० ला. गणित करून किलोवॅटचे बीएचपी केले तर ४००० ला पॉवर साधारण १५ बीएचपीच आहे, आणि ६१०० ला टॉर्क उतरून साडेतेवीसच्या आसपास आलेला असतो. म्हणजे गाडी ओढते ती ४००० ला, आणि जाहिरातीतला पॉवरचा आकडा येतो तिथे बहुतेक रायडर कधी जातच नाहीत. मोठ्या व्ही-ट्विनमध्ये (व्ही आकारात दोन सिलिंडर) तर हे अजून टोकाचं असतं, हार्लेच्या मिलवॉकी-एट १०७ चा पीक टॉर्क ३२५० च्या आसपास, साधारण १५० न्यूटन मीटर. अशा इंजिनाला कोणी "पीक पॉवर १० ने वाढली" असं सांगितलं तर पहिला प्रश्न हा विचारा की २५०० ते ३५०० मध्ये काय झालं, वाढलं, तेवढंच राहिलं, की कमी झालं. खूप वेळा तिथे कमी झालेलं असतं.

अजून गाडी बुक करायची असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो, त्याच गाडीत मोठं इंजिन मिळत असेल तर ते घेणं हा बहुतेक वेळा सगळ्यात शहाणपणाचा अपग्रेड असतो. मिलवॉकी-एट १०७ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) १०० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली किती सरकतो) १११.१, तर ११४ चा बोअर १०२ आणि स्ट्रोक ११४.३. बोअर वाढवायला सिलिंडर आणि पिस्टन बदलले की भागतं, पण स्ट्रोक असतो क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्यात, तो बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर काढून केस उघडायची. फॅक्टरीत ते सगळं एकत्र जुळवून येतं, वॉरंटीसकट.

बरं, आता प्रत्यक्ष पार्ट. क्रूझरच्या दुनियेत स्टेज वन, टू, थ्री असं बोलतात, त्यात स्टेज वन म्हणजे एअर फिल्टर, सायलेन्सर आणि ट्यूनिंग, टू मध्ये कॅम (वाल्व उघडबंद करणारा दांडा) येतो, थ्री मध्ये बोअर वाढवतात, त्याच्या वर हेड आणि थ्रॉटल बॉडी. पण हे शब्द प्रत्येक विकणारा आपापल्या परीने वापरतो म्हणून "स्टेज टू किती घेणार" असं न विचारता आत कुठले पार्ट आहेत ते लिहून मागा.

स्टेज वन बद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बऱ्याच इंजेक्शनच्या क्रूझरमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आत जाणारी हवा थेट मोजत नाही, मॅनिफोल्डमधलं (हवा आत नेणाऱ्या नळीतलं) प्रेशर, तापमान, आरपीएम आणि थ्रॉटल बघून आत साठवलेल्या तक्त्यावरून अंदाज बांधतो. तुम्ही मोकळा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर टाकला की हवा जास्त जाते पण तक्ता जुनाच, म्हणजे मिश्रण लीन होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पेट्रोलला केमिकली पुरेशी हवा म्हणजे १४.७ ला १, आणि फुल थ्रॉटलला चांगली पॉवर मिळते ती साडेबारा ते तेराच्या आसपास. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर बहुतेक नॅरोबँड असतो, त्याला फक्त १४.७ च्या आजूबाजूचं नीट कळतं, म्हणून सावकाश चालवताना तो चूक सांभाळून घेतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, पण जोरात पिळल्यावर ईसीयू सेन्सरकडे न बघता तक्त्यावर चालतो आणि नेमकं तिथेच इंजिन लीन आणि गरम होतं. मी एकदा फक्त सायलेन्सर बदलून, ट्यून न करता दोन महिने गाडी चालवली, थ्रॉटल सोडला की फटाके वाजायचे, पाईप निळा पडला आणि खालचा पिकअप गेला तो वेगळाच. आवाज मोठा झाला म्हणून गाडी जोरात पळतेय असं वाटत होतं, घड्याळ लावून बघितलं तर आधीपेक्षा हळू होती.

त्यामुळे फिल्टर, सायलेन्सर आणि ट्यून हे एकच काम समजा. बजेट फक्त दोनचं असेल तर थांबा, तिसऱ्याचे जमले की तिन्ही एकदम करा. आणि पुढे कॅम टाकायचा विचार पक्का असेल तर तेही आत्ताच ठरवा, कारण प्रत्येक बदलानंतर परत ट्यून करावं लागतं आणि दोनदा ट्यून म्हणजे दोनदा खर्च.

एकदम मोकळे सरळ पाईप मात्र क्रूझरवर टाकू नका असंच मी सांगेन. "बॅक प्रेशर लागतं" असं लोक म्हणतात ते कारण चुकीचं आहे, पण अनुभव खरा आहे. पाईपमधून जळलेला वायू धक्क्याधक्क्याने जातो, त्याची लाट पाईपच्या टोकावरून परत फिरते आणि दोन्ही वाल्व थोडे उघडे असताना ती कुठल्या वेळेला पोचते यावर सिलिंडर किती नीट भरणार ते ठरतं. पाईपची लांबी आणि व्यास त्या वेळेसाठी जुळवलेली असते, ती बिघडली की मधल्या आरपीएममध्ये खड्डा पडतो, आणि क्रूझर राहते नेमकी त्याच मधल्या आरपीएममध्ये.

कॅमचं पण तसंच. कॅम निवडताना इनटेक वाल्व कधी बंद होतो ते बघा. उशिरा बंद होणारा कॅम वरच्या आरपीएमला छान श्वास घेतो, पण खालच्या आरपीएमला पिस्टन वर यायला लागल्यावरसुद्धा वाल्व उघडा असल्यामुळे थोडं मिश्रण परत ढकललं जातं, कॉम्प्रेशन उतरतं आणि खालची ओढ जाते. बॅगा लावून, माणूस बसवून लांब जाणाऱ्याला लवकर बंद होणारा टॉर्क कॅम हवा, मग डायनोवरचा (पॉवर मोजायच्या मशीनवरचा) मोठा आकडा थोडा कमी आला तरी चालेल. डायनोची शीट मागाल तेव्हा पूर्ण ग्राफ मागा, आधीचा आणि नंतरचा, त्याच मशीनवरचा. चाकावर मोजलेली पॉवर कंपनीच्या क्रँकवरच्या आकड्यापेक्षा कमीच दिसते, म्हणून वेगवेगळ्या मशीनवरचे किंवा ब्रोशरमधले आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

बोअर वाढवणं हे माझ्या मते नवीन गाडीवर करायचं कामच नाही. कॉम्प्रेशन वाढलं की जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागू शकतं, नाहीतर नॉकिंग होतं (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकतं), एअर-कूल्ड इंजिनात उष्णता वाढते, विशेषतः मागच्या सिलिंडरची कारण त्याच्यापर्यंत वारा कमी पोचतो, आणि टॉर्क बराच वाढला तर क्लच घसरायला लागतो म्हणजे मग मजबूत स्प्रिंग किंवा प्लेटा. इंजिन दहा-पंधरा वर्षांनी उघडायची वेळ आलीच तर तेव्हा करा.

आता स्वस्तातले दोन उपाय, ज्यांचा विचार लोक शेवटी करतात. चेनची गाडी असेल तर पुढचं स्प्रॉकेट एका दाताने कमी करा, १५ चं १४ केलं तर चाकावर ओढ साधारण ७ टक्के वाढते, प्रत्येक गिअरमध्ये. त्याच स्पीडला आरपीएमही ७ टक्के चढतो, म्हणजे हायवेला व्हायब्रेशन आणि पेट्रोल थोडं वाढेल, पण सिग्नल आणि घाट हीच तक्रार असेल तर यापेक्षा सरळ उपाय नाही, आणि नाही आवडलं तर परत बदलता येतो. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर स्पीड चुकीचा दाखवेल, चाकावर असेल तर काही फरक नाही. बेल्टच्या गाडीत हे एवढं सोपं नसतं आणि शाफ्टला तर विसराच. दुसरं म्हणजे राईड-बाय-वायर गाडीत (थ्रॉटल केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक असतो अशा) ॲक्सिलरेटरला जोडायचे ते थ्रॉटल बूस्टर. त्याने पॉवर तसूभरही वाढत नाही, फक्त कमी पिळल्यावर थ्रॉटलची प्लेट जास्त उघडते. गाडी सुस्त वाटते एवढीच तक्रार असेल तर आधी गाडीतला दुसरा रायडिंग मोड लावून बघा, तेच फुकटात होतं.

आणि एक मनापासून सांगतो, नोंदीत "ओव्हरटेकला भीती वाटली" असं लिहिलं असेल तर ती भीती इंजिनची होती की ब्रेकची ते प्रामाणिकपणे बघा. क्रूझरचं वजन भरपूर, सुपर मिटिअर ६५० सुद्धा २४१ किलोची आहे, आणि मागच्या शॉकला दबायला जागा कमी. चांगले ब्रेक पॅड, चांगले टायर आणि तुमच्या वजनाला जुळणारे शॉक यांनी तीच गाडी त्याच रस्त्यावर जास्त वेगाने आणि निर्धास्त जाते.

कायदा आणि वॉरंटीचं आधी विचारून घ्या, लेखी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) काढलेला सायलेन्सर बऱ्याच देशांत रस्त्यावर चालत नाही, इन्शुरन्सला बदल कळवले नाहीत तर क्लेमला अडचण येऊ शकते. खुद्द हार्लेला २०१६ मध्ये अमेरिकेच्या ईपीएसोबत (तिथली पर्यावरण संस्था) तडजोड करून १ कोटी २० लाख डॉलरचा दंड भरावा लागला होता, तो ट्यूनिंगच्या उपकरणांवरूनच. कंपनीने मान्य केलेलं किट आणि मॅप मिळत असेल तर आकडा थोडा कमी आला तरी नवीन गाडीला तेच लावा.

काम करायच्या आधी एक चाचणी करून ठेवा. रिकामा सरळ रस्ता, टॉप गिअर, ६० ला स्थिर, मग फुल थ्रॉटल आणि १०० ला किती सेकंदात पोचते ते, छोट्या इंजिनाला ५० ते ८० घ्या. हेल्मेटवर कॅमेरा लावून स्पीडोमीटर शूट करा, घड्याळ व्हिडिओतून काढा, चालवताना बघू नका. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा, म्हणजे वारा आणि चढ कटतो, टायरची हवा तेवढीच, टाकी साधारण तेवढीच भरलेली. काम झाल्यावर तिथेच परत तेच करा. ५०० किलोमीटरनंतर हेडरचे (इंजिनला लागून असलेल्या पाईपचे) नट परत टाइट करून घ्या, गरम-थंड होऊन ते ढिले पडतात आणि तिथून हवा आत ओढली गेली की परत फटाके सुरू होतात. स्पार्क प्लग काढून बघा, टोक पांढरं पडलं असेल तर मॅप अजून लीन आहे, ट्यूनरकडे परत जा. काढलेले स्टॉक पार्ट, गॅस्केट, बोल्टसकट एका खोक्यात घालून त्यावर किलोमीटर आणि तारीख लिहून ठेवा, वॉरंटीच्या कामाला नाहीतर गाडी विकताना ते लागणारच आहेत.