एकच कागद, दोघांचं चित्र
बोलायला शिकणाऱ्या मुलाबरोबर चित्र काढायला जमिनीवर एकच मोठा कागद पसरा. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू उत्तम. खडूंचा डबा मात्र स्वतःकडे ठेवा. रंग हवा असेल तर मुलाला मागावा लागेल: बोट दाखवून, ‘लाल’ म्हणून, कसंही. मागण्याआधीच हातात देऊ नका, मनात 10 पर्यंत मोजा. (हे आपल्यालाच जड जातं.)

“हे काय काढलंस?” अशी उलटतपासणी नको, रेघोट्यांना नाव असेलच असं नाही. “अरे, गोल गोल फिरतंय!” म्हणा. मूल “गाडी” म्हणालं की “हो, लाल गाडी” असा एक शब्द जोडा. मग गाडीला मुद्दाम एकच चाक काढून गप्प बसा. दुसऱ्या चाकासाठी बहुतेक वेळा आरडाओरडा होतोच. रडू फुटलं तर मात्र ताणू नका, डबा देऊन टाका.