एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र: संशोधनाला सुरुवात कुठून करायची?

प्रवेश झाला की मुलं आधी विचारतात, "टॉपिक कोणता घेऊ?" माझं ऐकाल तर टॉपिकचं नंतर बघा. विभागात पीएच.डी. करणारे दादा-ताई सॅम्पलिंगला, म्हणजे पाण्याचे नमुने घ्यायला, कधी निघतात ते विचारा आणि सोबत जा. बाटल्या धुवायला, धरायला त्यांना माणूस हवाच असतो. सोलापूर विद्यापीठाच्या केगावच्या कॅम्पसवरून मी अशीच एका ताईंबरोबर संभाजी तलावावर जायला लागले. (जुने सोलापूरकर त्याला अजून कंबर तलावच म्हणतात.)

खरं शिकणं तिथं झालं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर बाटली काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा नको. मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड ही ऑक्सिजन पकडून ठेवणारी रसायनं तलावाच्या काठावरच घालायची. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. लॅबमध्ये नेऊन घालू म्हटलं की आकडा हातचा गेला. वेळही तितकीच महत्त्वाची. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र तेही वापरतं. त्यामुळे पहाटे आकडा तळाला असतो आणि दुपारी चढतो. एका तलावाचं पाणी सकाळी, दुसऱ्याचं भर दुपारी घेऊन तुलना केलेले प्रोजेक्ट रिपोर्ट दिसले की माझं डोकं फिरतं.

अशा चार फेऱ्या झाल्या की प्रश्न आपसूक सुचतात. 'सोलापुरातील तलावांची जलगुणवत्ता' हा नुसता मथळा झाला. 'जलपर्णीखालच्या आणि उघड्या पाण्यातल्या ऑक्सिजनमध्ये किती फरक पडतो?' हा प्रश्न, आणि तो एका सत्रात उरकतो. मग गाईडकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. प्रश्न, जागा, पद्धत, लागणारी रसायनं एवढं एका पानावर लिहून न्या.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काम करायचं मनात असेल तर अर्ज पहिल्याच वर्षी करा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभ्यासासाठीही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि कागद आपल्या सत्राच्या वेगाने हलत नाही. पाण्याच्या कामात हा त्रास कमी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जुने आकडेही वेबसाइटवर मिळतात, आपले आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतात.

पुढे पीएच.डी. करायचीच असेल तर यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. तिच्यातून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर दरमहा पैसे सुरू होतात, घरी पैसे मागावे लागत नाहीत.