'गेट' शिकवायचंय? आधी 'लागणे' विचारा

इंग्रजीतल्या 'गेट' (get) या क्रियापदाचे दहा समानार्थी शब्द फळ्यावर लिहा आणि पाठ करून घ्या, हा सल्ला देणाऱ्याने वह्या कधी तपासलेल्या नसाव्यात. इंदूरला रामबागेत शिकवणी सुरू केली तेव्हा मीही हेच केलं. आठवड्याभरात एका वहीत वाक्य आलं, 'आय ऑब्टेन्ड अ कोल्ड.' म्हणजे पठ्ठ्याने सर्दी अर्ज करून मिळवली! यादी माझीच होती, त्याला काय बोलणार?

पहिल्या दिवशी इंग्रजी काढूच नका. 'लागणे' विचारा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, भेरूघाटात बस लागते. आता प्रत्येक ठिकाणी 'मिळणे' घालून बघायला सांगा. नोकरी मिळते, पण भूक मिळते म्हटलं की पोरं हसतात. शाळेत हिंदी बोलणाऱ्यांना 'लगना' आहेच.

मग 'गेट'ची वाक्यं मिळणे, होणे, पोहोचणे, समजणे अशी चार गटांत वाटून घ्या. हे मुलं आपणच करतात.

खरी रड पुढे आहे. शब्द बदलला की शेजारचा शब्दही हलतो, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. 'वी गॉट टू द स्टेशन'मधला 'गॉट' पुसून मुलं 'रीच्ड' लिहितात आणि 'टू' तसाच राहतो. 'रीच्ड टू' साफ चूक. 'अराइव्ह्ड' घातलं तर स्टेशनला 'ॲट' हवं, इंदूर शहराला 'इन'. घराला मात्र काहीच नको: 'गॉट होम', 'रीच्ड होम'. 'गॉट मॅरिड टू'चं नुसतं 'मॅरिड' होतं. 'मॅरिड विथ' लिहितात कारण आपल्याकडे लग्न कुणा'शी' होतं. म्हणून डस्टरने एकटा 'गॉट' कधीच पुसू नका, त्याचा शेपटासारखा 'टू'ही पुसा आणि पूर्ण वाक्य नव्याने लिहायला लावा. सुटा शब्द वहीत दिसला तर मी पान परत करते.

औपचारिक पत्रात 'रिसीव्ह्ड', मैत्रिणीला 'गॉट'. 'ऑब्टेन' परवानगी आणि गुणांपुरता ठेवा. आणि 'गेट'वर सरसकट लाल रेघ मारू नका; 'डिड यू गेट द जोक?' याहून सोपं दुसरं काय लिहिणार?

सरावाला सराफ्यातली, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, रात्र द्या, सहा 'गेट' घालून. नंतर बदलता येतील तेवढेच बदलायचे. 'वी गॉट गराडू'चं (गराडू म्हणजे तळलेला कंद) 'बॉट' होईल, 'इट गॉट कोल्ड'चं 'बिकेम'. गर्दीत वाट चुकली ते 'वी गॉट लॉस्ट' मात्र तसंच राहू द्या. तेवढ्यात कुणीतरी शेजारच्याला 'गेट लॉस्ट!' म्हणतंच. तोही अर्थ लगेच फळ्यावर लिहून टाका.