हयगयीने वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाल्यास काय करावे

अपघातानंतरच्या फिर्यादीत ‘वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने चालवून’ असे शब्द येतात, आणि ते वाचूनही अनेक चालक ‘दंड भरला की सुटलो’ असे धरून चालतात. हा समज फार महागात पडतो, कारण चलन भरून मिटणारी चूक वेगळी आणि फौजदारी गुन्हा वेगळा.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली अशा वाहनचालनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कोणाला गंभीर दुखापत झाल्यास कलम १२५ नुसार कैदेची मर्यादा तीन वर्षांपर्यंत जाते. मृत्यू ओढवल्यास कलम १०६(१) नुसार पाच वर्षांपर्यंत, जी पूर्वीच्या कायद्यात दोनच वर्षे होती. शिवाय मोटार वाहन कायद्याचे धोकादायक वाहनचालनाविषयीचे कलम १८४ आहेच. लाल दिवा ओलांडणे किंवा चालवताना मोबाइल हातात धरणे हेही त्यात मोडते, आणि परवानाही निलंबित होऊ शकतो.

अपघात झाल्यास सर्वप्रथम जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. ती माणुसकी आहेच, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ खालील कायदेशीर कर्तव्यही आहे. जमावापासून जिवाला धोका असेल तर तेथून निघून थेट पोलीस ठाणे गाठावे. घटनेची माहिती २४ तासांच्या आत द्यावी लागते.

घटनास्थळाच्या पंचनाम्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. ब्रेकच्या खुणा किती लांब आहेत, वाहन रस्त्याच्या कोणत्या बाजूला थांबले, दिवे चालू होते का, या साध्या नोंदींवर पुढे खटला उभा राहतो किंवा ढासळतो. नुसता जास्त वेग म्हणजे हयगय नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणूनच स्वतः छायाचित्रे काढून ठेवावीत आणि आसपासच्या कॅमेऱ्यांतील चित्रण पुसले जाण्याआधी ते जपून ठेवण्याची लेखी विनंती करावी. जप्त वाहन सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.

सर्वांत मोठी चूक न्यायालयात होते. तारखांचा त्रास टाळण्यासाठी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करणे सोपे वाटते, परंतु ती दोषसिद्धी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत समोर येते आणि नुकसानभरपाईच्या दाव्यातही तिचा आधार घेतला जाऊ शकतो. वकिलाने दोषारोपपत्राच्या प्रती वाचल्याशिवाय कबुली देऊ नये. ऐपत नसल्यास विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करावा.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे स्वतंत्रपणे चालतो. त्याची नोटीस हाती येताच विमा कंपनीला लेखी कळवावे, कारण विमा किंवा परवाना वैध नसल्यास तो बोजा वाहनमालकावर पडू शकतो, आणि ती रक्कम फौजदारी दंडाच्या कितीतरी पट असू शकते.