पान लाइव्ह करायच्या आधी (आणि हो, जुना आयफोन)

गेल्या दिवाळीत मामीला फराळाच्या ऑर्डरींसाठी एक वेब पान करून दिलं. माझ्या लॅपटॉपवर झकास दिसत होतं. मामीच्या आयफोन ६ वर मात्र ‘पाव किलो’, ‘अर्धा किलो’, ‘एक किलो’ ही बटणं एकमेकांना चिकटलेली, आणि ‘ऑर्डर द्या’ सफारीच्या खालच्या पट्टीमागे गायब. “अरे, पण ऑर्डर द्यायची कुठून?” असं तिनं विचारलं तेव्हा चकल्या तळून झाल्या होत्या. म्हणून यंदा आधी तयारी.

पहिलं काम: जुना आयफोन मिळवा. शेजाऱ्याचा, आत्याचा, कपाटात पडलेला, कुणाचाही. क्रोममध्ये खिडकी मोबाइलएवढी केली की रुंदी बदलते, पान काढून दाखवणारं इंजिन तेच राहतं. आयफोनवर क्रोम टाकून बघणं हीसुद्धा स्वतःची फसवणूक, कारण भारतात तरी आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरच्या आत सफारीचंच इंजिन, वेबकिट, असतं. शिवाय सफारी आयओएसबरोबरच अपडेट होते. आयफोन ६ आयओएस १२ वर थांबला, म्हणजे त्याची सफारीही तिथंच थांबली.

सीएसएसचा (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा) कोणता गुणधर्म कोणत्या ब्राउझरमध्ये चालतो ते कॅन आय यूज या साइटवर बघा. बघालच. पण नुसतं नाव बघू नका, तळटिपाही वाचा. मी ‘गॅप’ (घटकांमधली मोकळी जागा) शोधलं, हिरवं दिसलं, खूश झालो. ते ग्रिडसाठी, म्हणजे आडव्या-उभ्या चौकटींच्या मांडणीसाठी होतं. फ्लेक्समध्ये (बटणांसारखे घटक एका ओळीत मांडायची पद्धत) गॅप सफारीत १४.१ पासून, २०२१ मध्ये आलं. अ‍ॅट-सपोर्ट्सनं (‘हा गुणधर्म येतो का?’ असं ब्राउझरला विचारणारा सीएसएसचा नियम) विचारलंत तरी जुनी सफारी ‘हो, गॅप येतं’ म्हणून सांगते, कारण तिच्या मनात ग्रिड असतं. म्हणून बटणांना सरळ मार्जिन (प्रत्येकाभोवतीची मोकळी जागा) द्या. आणि आयफोनवर बघा.

पानाच्या उंचीला १०० व्हीएच (म्हणजे पडद्याची पूर्ण उंची) देऊन वर ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारा भाग लपवणं) लावू नका. खालच्या ओळीत डीव्हीएच (पट्टी वगळून खरंच दिसणारी उंची) लिहिलंत तर नवे ब्राउझर ते घेतील, जुने ती ओळ सोडून देतील आणि बटण पुन्हा पट्टीमागे जाईल. बटण मजकुराच्या ओघातच ठेवा, म्हणजे स्क्रोल केल्यावर सापडतं.

स्वल्पविरामानं जोडलेल्या सिलेक्टरांत (नियम कोणत्या घटकांना लागू ते सांगणारी नावं) एक जरी न कळणारा निघाला तरी अख्खा नियम बाद होतो. होव्हर (माउस वर आल्यावर) आणि फोकस-व्हिजिबल (कीबोर्डनं निवडल्यावर; जुन्या सफारीला हे कळत नाही) यांचे नियम वेगवेगळे लिहा. माझा अर्धा दिवस यात गेला.

इनपुटचे फॉन्ट १६ पिक्सेलच्या खाली नकोत, नाहीतर आयफोन झूम करतो. प्रीफिक्स (जुन्या ब्राउझरांसाठी गुणधर्मांच्या नावाआधी लावायचे तुकडे) ऑटोप्रीफिक्सर या साधनावर सोडा. फायरफॉक्स, एज, एखादा जुना अँड्रॉइड: एकेक चक्कर. इंटरनेट एक्स्प्लोरर सोडा.

आयफोन मिळाला का? नसेल तर बाकीचं राहू दे, तो आधी. मी मामीचा शनिवारी आणतोय, चार्जरसकट, कारण त्याची बॅटरी तासभरही टिकत नाही.